दारावरची पाटी बदलताना



गेल्या संक्रांतीला मंडळाच्या कार्यक्रमात तिळगुळाच्या रांगेत उभा होतो. एका ओळखीच्या काकांनी नेहमीच्या आपुलकीने विचारले, "काय, सध्या कुठल्या कंपनीत?" मी म्हणालो, "कंपनी सोडली काका. आता हायस्कूलमध्ये गणित शिकवतो." काकांचा तिळगूळ देणारा हात क्षणभर हवेतच थांबला. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "अरेरे, ले-ऑफ झाला का? मिळेल हो दुसरी, काळजी करू नकोस."

काकांचा हेतू चांगलाच होता. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्याबद्दल. कारण मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. नुसती मान हलवली, तिळगूळ घेतला आणि पुढे सरकलो. नोकरी गेली असे समजून लोकांनी कीव केली तर चालेल, पण ती आपण होऊन सोडली हे सांगायची मात्र लाज वाटते, हे त्या दिवशी गाडीतून घरी येताना माझ्या लक्षात आले. हा लेख म्हणजे काकांना त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही आणि अर्थसल्लागार वा वकीलही नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला, बारा वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढलेला, आज अडतीस वर्षांचा न्यू जर्सीतला एक माणूस आहे. 'आरोग्य आणि अर्थ' या पानावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण माझ्या बाबतीत प्रश्न आधी आरोग्याचा झाला आणि उत्तर अर्थाच्या वहीत सापडले. म्हणून याच पानावर लिहीत आहे.

हॉस्पिटलातली रात्र

नोव्हेंबर २०१९. वय बत्तीस, मुलगी एक वर्षाची. रात्री दीड वाजता छातीत डाव्या बाजूला दुखू लागले आणि बायकोने मला सरळ इमर्जन्सीत नेले. छातीला ईसीजीच्या वायरी लावल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. त्या आठवड्यात मी ऑन-कॉल होतो आणि कुठला तरी सर्व्हर बंद पडला होता. मी पडल्या पडल्या एका हाताने उत्तर टाइप करू लागलो. नर्स बघत राहिली. बायकोने काही न बोलता फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला.

हृदयविकाराचा झटका नव्हता. पण रक्तदाब १५८/१०२ निघाला आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ए-वन-सी चाचणी ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वजन फारसे वाढलेले नव्हते, त्यामुळे मला हे खरेच वाटेना. डॉक्टरांनी समजावले की आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हे विकार कमी वजनात आणि कमी वयात गाठतात. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहाची तपासणी बीएमआय २३ पासूनच सुरू करावी असे सांगितले आहे. इतरांसाठी तो आकडा २५ आहे.

मी आठवड्याला साठ तास काम करत होतो. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा एक संयुक्त अभ्यास वाचनात आला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला होता. हा आकडा मी आमच्या फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

पण खरे सांगायचे तर नुसत्या तासांनी माणूस मोडत नाही. आमचे अण्णा शेत आणि शाळा सांभाळून माझ्यापेक्षा जास्त राबत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली. तिने तो आजार म्हटलेला नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. त्याची लक्षणे तीन. अंगातले त्राण संपणे, आपल्याच कामाबद्दल मन उडणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. पहिले लक्षण सुट्टीने बरे होते. मी तीन आठवडे सांगलीला जाऊन आलो, त्राण परत आले. मन मात्र परतले नाही. सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडताना पोटात जो गोळा येई, तो तसाच राहिला.

मी इंजिनिअर कसा झालो

आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. दहावीला गणितात चांगले मार्क मिळाले, बारावीला पीसीएम घेतले, सीईटी दिली आणि जिथे नंबर लागला तिथे गेलो. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग महाविद्यालयांना परवानगी दिली नसती, तर आमच्यासारख्या गावाकडच्या हजारो मुलांना ही संधी मिळालीच नसती. त्या संधीचे ऋण मी विसरलेलो नाही.

अण्णा मास्तर होते. गावातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवत. शाळेला अनुदान मिळेपर्यंतची पहिली कित्येक वर्षे पगार मिळाला तर मिळाला, तोही अर्धा. दिवाळीला आई वाण्याकडून उधारीवर साखर आणायची. अण्णांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "काहीही हो, मास्तर होऊ नकोस." मी ऐकले. जमिनीचा एक तुकडा विकून आणि बँकेचे कर्ज काढून शिकलो, २०१० मध्ये इकडे एमएसला आलो, २०१२ मध्ये नोकरीला लागलो. २०१४ साली कर्ज फेडले त्या दिवशी अण्णांनी गावात पेढे वाटले.

आता गंमत बघा. हॉस्टेलवर एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री माझ्या खोलीत आठदहा पोरे बसलेली असत. कुणाची केटी, कुणाची दुसऱ्यांदा केटी. मी पहाटे चारपर्यंत लाप्लास ट्रान्सफॉर्म समजावत बसे आणि सकाळी पेपरला जाताना मला अजिबात दमल्यासारखे वाटत नसे. हे मी तेव्हाही पाहिले होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. करोनाच्या काळात शेजारच्या दोन मुलांना संगणकावरून बीजगणित शिकवू लागलो, २०२१ च्या शरद ऋतूपासून दर शनिवारी गावच्या सार्वजनिक वाचनालयात फुकट शिकवू लागलो, तेव्हा कुठे प्रकाश पडला. आठवड्यात शनिवारचे ते दोनच तास असे होते की मी घड्याळाकडे बघत नसे.

तेव्हा 'आपण खरे कोण' हे शोधायला हिमालयात जावे लागत नाही. आपण कशाने दमतो आणि कशाने दमत नाही, एवढे प्रामाणिकपणे पाहिले तरी पुष्कळ कळते.

दोन चुकीचे सल्ले

या विषयावर आपल्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात आणि माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत.

पहिला सल्ला असा की मनाचे ऐका, उडी मारा, बाकी सारे जमून येते. हा सल्ला देणाऱ्याच्या डोक्यावर बहुधा घराचे कर्ज नसते आणि पासपोर्टात व्हिसाही नसतो. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. माझ्या एका मित्राने असाच तडकाफडकी राजीनामा देऊन खाद्यपदार्थांचा व्यवसाय काढला. हात चांगला होता, पण गाठीला चारच महिन्यांचे पैसे होते. पाचव्या महिन्यात तो पुन्हा नोकरी शोधू लागला. आज तो नोकरीत आहे आणि स्वतःला 'हरलेला' समजतो. माझ्या मते तो हरला नाही. त्याचा हिशेब तेवढा चुकला.

दुसरा सल्ला आपल्या समाजात जास्त चालतो. आधी ग्रीन कार्ड होऊ दे, मग घर होऊ दे, मग मुलांचे कॉलेज होऊ दे, मग रिटायर झाल्यावर काय हवे ते कर. हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण त्यात एक गृहीत धरलेले असते, की तोपर्यंत शरीर आणि उमेद दोन्ही आपली वाट पाहत थांबतील. १५८/१०२ ने माझा तो समज घालवला.

या दोहोंच्या मधला एक रस्ता आहे आणि तो आपल्याच माणसांनी दाखवलेला आहे. डॉ. श्रीराम लागूंचे उदाहरण घ्या. नाक-कान-घशाचे शल्यविशारद. कॅनडा आणि इंग्लंडमध्ये पुढचे शिक्षण घेतलेले, पुण्यात आणि आफ्रिकेत टांझानियात डॉक्टरकी केलेली. १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी वैद्यकी सोडून पूर्ण वेळ रंगभूमीचा रस्ता धरला. गोष्ट सांगताना आपण एवढेच सांगतो. पण त्याआधीची कित्येक वर्षे ते पुण्यात हौशी रंगभूमीवर काम करत होते, हे विसरतो. पूर्ण वेळ नट होण्यापूर्वी नाटकाची तालीम त्यांनी डॉक्टर असतानाच केली होती. उडीपेक्षा ही तालीम मला महत्त्वाची वाटते.

बायकोची अट

मी शिक्षक व्हायचे म्हणतो हे बायकोला सांगितले तेव्हा ती लगेच काही बोलली नाही. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "तू चार वर्षं स्वतःला शोधतोयस, मी बघतेय. मी इथे आले तेव्हा दोन वर्षं एच-फोरवर घरात बसून होते. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी. मी कोण, हे तेव्हा मला कुणीच विचारलं नव्हतं."

मला उत्तर सुचले नाही. कारण विचारायला हवे होते ते मीच. एच-फोरवरच्या काही जोडीदारांना काम करण्याची परवानगी मे २०१५ पासून मिळू लागली, तेव्हा कुठे ती एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. आपल्या मंडळातल्या कितीतरी बायकांनी नवऱ्याच्या 'करिअर'साठी आपली पाटी पुसून ठेवली. त्यांच्या मानाने माझा प्रश्न म्हणजे चैनच होती, हे कबूल करूनच पुढे लिहितो.

ती पुढे म्हणाली, "माझी ना नाही. पण आधी हिशेब मांड. भावनेवर नको, कागदावर." तीच अट आमच्या कामाची ठरली.

हिशेब

माझा पगार १,५८,००० डॉलर होता. शिक्षकाचा पगार ६६,००० मिळणार होता. पहिल्या नजरेत छातीत पुन्हा दुखायला लागावे असा हा फरक. पण हाती काय येते आणि खर्च काय होतो, ते आम्ही बघितले. मागच्या बारा महिन्यांची बँकेची आणि क्रेडिट कार्डांची पत्रके काढून बसलो. महिन्याचा सरासरी खर्च निघाला १०,९०० डॉलर. कर आणि कपाती जाऊन बायकोचे ४,७०० हाती येत. माझे शाळेचे, वर्षाची सरासरी काढून, ४,००० येणार. एकूण ८,७००. म्हणजे महिन्याला २,२०० कमी करायचे होते.

ते असे निघाले. दुसरी लीजवरची गाडी परत दिली, ४८० वाचले. बाहेरचे खाणे ६०० वरून २०० वर आणले. भारतवारी दरवर्षीऐवजी वर्षाआड ठरवली, त्याचे महिन्याला ३५० धरले. न पाहिलेल्या वाहिन्या आणि न गेलेली व्यायामशाळा, १२०. आणि सर्वांत मोठी रक्कम म्हणजे मुलीच्या शाळेनंतरच्या पाळणाघराचे ८५०, कारण शिक्षक झाल्यावर मी साडेतीनला घरी असणार होतो. बेरीज करून पाहा.

कागदावरचे जमले म्हणजे जगता येते असे नाही. म्हणून आम्ही तालीम केली. एप्रिल २०२३ ते जून २०२४, सव्वा वर्ष, जुना पगार येत असताना नव्या पगारावर जगलो. दर महिन्याला माझे ४,००० सोडून बाकीचे वेगळ्या खात्यात जात. पाळणाघर तेवढे अजून चालू होते, त्याचे पैसे त्या खात्यातून दिले. पहिले तीन महिने कुरकुर झाली. चौथ्या महिन्यापासून सवय झाली. सव्वा वर्षात सात महिन्यांचा खर्च भागेल एवढी पुंजी बाजूला पडली आणि शिवाय आपल्याला हे जमते याची खात्री झाली. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त मोलाची.

या खटाटोपात शिकलेल्या चार गोष्टी वाचकांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून देतो.

एक, आरोग्यविमा. इथे विमा नोकरीला बांधलेला असतो, म्हणून राजीनाम्याच्या तारखेआधी नवा विमा ठरलेला हवा. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीतून बाहेर पडल्यास 'कोब्रा' कायद्याखाली तोच विमा सहसा अठरा महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो. मात्र कंपनीचा वाटाही आपल्यालाच भरावा लागतो, एकूण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत. दुसरा रस्ता सरकारी मार्केटप्लेसचा. नोकरीचा विमा संपल्यापासून साठ दिवसांत तिथे नाव नोंदवता येते आणि २०१४ पासून जुन्या आजाराचे कारण सांगून नाकारता येत नाही. साठ दिवसांची ही तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

दोन, आयुर्विमा. कंपनीचा गट विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. मी स्वतःचा टर्म विमा नोकरीत असतानाच काढला. रक्तदाबामुळे हप्ता थोडा जास्त पडला, पण तो पुढे आणखी वाढला असता.

तीन, फोर-ओ-वन-के. हा पैसा नव्या वाटेचे भांडवल नाही. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढल्यास कराखेरीज बहुधा १० टक्के दंडही बसतो. तो तिथेच राहू द्यावा किंवा थेट आयआरए खात्यात वळवावा. त्यावर कर्ज घेतले असेल तर सोडण्यापूर्वी ते कधी फेडायचे ते विचारून घ्या. नाहीतर उरलेले कर्ज पैसे काढल्यासारखे धरले जाते.

चार, सोशल सिक्युरिटी. निवृत्तिवेतनासाठी साधारण चाळीस क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. आपली किती झाली आहेत ते सरकारी खाते उघडून पाहून ठेवावे. मध्येच नोकरी थांबवणाऱ्या बहिणींनी तर जरूर पाहावे.

व्हिसाचे कुंपण

आता सर्वांत नाजूक भाग. एच-वन-बी वर असलेल्या माणसाला 'मनाचे ऐक' म्हणून सांगणे सोपे आहे. पण त्याचे राहणेच नोकरीवर अवलंबून असते. नोकरी सुटली तर २०१७ च्या नियमानुसार जास्तीत जास्त साठ दिवसांची मुभा असते. २०२२ आणि २०२३ च्या नोकरकपातीत आपल्यातल्या किती घरांनी ते साठ दिवस बोटांवर मोजले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्यात दरवर्षी एका देशाला सुमारे सात टक्केच ग्रीन कार्डे ही मर्यादा. माझा अर्ज २०१४ चा. ऑक्टोबर २०२० मध्ये तारखा अचानक पुढे सरकल्या म्हणून शेवटचा टप्पा भरता आला आणि २०२२ मध्ये कार्ड हाती आले. त्यानंतरही मी दोन वर्षे त्याच कंपनीत काम केले. नशिबाने माझी तारीख रांगेच्या बऱ्या बाजूला होती. माझ्यानंतर अवघ्या दोनतीन वर्षांनी अर्ज भरलेले मित्र अजून ताटकळत आहेत. त्यांच्यासमोर मी धैर्याच्या गप्पा मारणे शोभणार नाही.

तरीही त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एच-वन-बी वर पैसे घेऊन दुसरे काम करता येत नाही, पण वाचनालयात, देवळात किंवा मराठी शाळेत खरोखरीची विनामूल्य सेवा करण्याला कुणी आडवे येत नाही. तालीम तिथे करता येते. आणि दुसरे, पूर्ण वाट बदलता येत नसेल तर वळण बदलता येते. मीही २०२० मध्ये आधी एवढेच केले होते. रात्रीचे फोन येणार नाहीत अशा विभागात बदली मागितली. बढती हुकली, पण रक्तदाब त्या वर्षीच उतरू लागला. कुठलाही निर्णय घेण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला जरूर विचारा. सल्ल्याची फी वाचवून कुणी श्रीमंत झालेले नाही.

अण्णांचा फोन

राज्याच्या 'अल्टरनेट रूट'ने, म्हणजे शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्यांसाठी असलेल्या मार्गाने, मी अर्ज केला. भारतीय पदवीचे मूल्यांकन करून घेतले, गणिताची प्रॅक्सिस परीक्षा दिली, पूर्वप्रशिक्षणाचे तास पुरे केले आणि शाळांचे उंबरे झिजवले. मे २०२४ मध्ये नेमणूक मिळाली. मग अण्णांना सांगणे भाग होते.

रविवारी सकाळी फोन केला. मी बोललो, पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मला वाटले लाइन तुटली. मग अण्णा म्हणाले, "मी मास्तर होतो म्हणून तुला इंजिनिअर केला." आणि फोन आईकडे दिला.

पुढचे दोन महिने ते माझ्याशी हवापाण्याखेरीज काही बोलले नाहीत. मी त्यांना समजावू शकलो असे म्हणणार नाही. ज्यांनी अर्ध्या पगारावर घर चालवले, त्यांना 'समाधान' या शब्दाने कसे पटवायचे? इथल्या सरकारी शाळेत पगार वेळेवर होतो, विमा आहे, दहा वर्षे भरल्यावर पेन्शनचा हक्क मिळतो, हे मी त्यांना नुसते सांगत राहिलो. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर एकदा त्यांनी आपण होऊन विचारले, "वर्गात किती पोरं?" मी म्हणालो, "सव्वीस." थोडे थांबून म्हणाले, "माझ्या वर्गात सत्तर असायची." मग पुन्हा थांबून, "फळा कसला आहे रे?" त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटे बोललो. अपूर्णांक शिकवताना पोरे कुठे अडतात, त्यावर.

नव्या वाटेचे खड्डे

दुरून डोंगर साजरे, म्हणून हेही सांगितले पाहिजे. शिक्षकाचे पहिले वर्ष मला सॉफ्टवेअरच्या बारा वर्षांपेक्षा अवघड गेले. मुले माझ्या उच्चारांची नक्कल करत. ऑक्टोबरात एकदा वर्ग इतका हाताबाहेर गेला की गाडीत येऊन बसलो आणि जुन्या मॅनेजरचा नंबर काढला. लावला नाही, पण काढला होता हे खरे. रात्री पेपर तपासणे सुटत नाही. शिक्षकांनाही बर्नआउट होतो, तेव्हा पेशा बदलला की आजार गेला असे मुळीच नाही. माझी रक्तदाबाची गोळी अजून चालू आहे, फक्त निम्मी झाली आहे. ए-वन-सी ५.८ वर आहे, म्हणजे उंबरठ्याच्या आत अजून एक पाऊल आहेच.

बदलले ते एवढेच की सोमवारचा तो पोटातला गोळा गेला. पाचव्या तासाच्या वर्गात एक मुलगी आहे, सप्टेंबरभर 'मला गणित येत नाही' एवढेच म्हणणारी. फेब्रुवारीत तिने फळ्यावर येऊन समीकरण सोडवले आणि जागेवर जाताना, "सोपं होतं," असे पुटपुटली. त्याचा भाव ९२,००० डॉलर आहे का, ते मला सांगता येणार नाही. मला तो व्यवहार परवडला, एवढे सांगता येते.

सर्वांनी नोकऱ्या सोडाव्यात असे मी म्हणत नाही. ज्याला कोड लिहिताना घड्याळ दिसत नाही, त्याची वाट तीच आहे आणि त्याने ती अभिमानाने चालावी. पण ज्याला रोज सकाळी ते सोंग चढवावे लागते, त्याने निदान एक वही उघडावी. एका पानावर आपण कशाने दमतो ते लिहावे, दुसऱ्यावर महिन्याचा खर्च. ज्यांना नुसता कंटाळा नाही, तर जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली आहे, त्यांनी वही-बिही नंतर, आधी डॉक्टरांशी बोलावे. २०२२ पासून या देशात ९८८ हा क्रमांक अहोरात्र त्यासाठीच आहे. त्यात कमीपणा काही नाही.

मंडळालाही एक विनंती. आपल्या कार्यक्रमांत 'काय करता?' हा प्रश्न 'कुठे आणि किती?' अशा अर्थाने विचारला जातो. त्याऐवजी वर्षातून एखादी दुपार अशी ठेवावी की ज्यांनी वाट बदलली, ज्यांना बदलायची आहे, आणि ज्यांनी बदलून पाहिली पण परत फिरावे लागले, त्यांनी एकत्र बसून खरे आकडे आणि खऱ्या अडचणी सांगाव्यात. परत फिरलेल्यांना आधी बोलवावे, त्यांच्याजवळ शिकण्यासारखे जास्त असते. मी माझी हिशेबाची वही घेऊन येईन. ज्यांना पाहायची असेल त्यांनी खुशाल पाहावी.

आणि काका, आपण हे वाचत असाल तर, माझा ले-ऑफ झाला नव्हता. मी मास्तर झालो आहे. येत्या संक्रांतीला पुन्हा विचारा, या वेळी नीट उत्तर देईन.